मुळशीचे धरण आणि अमेरिकेतील बुडीत शेते

१६ एप्रिल १९२१ रोजी रामनवमी होती. मुळा आणि नीला नद्यांच्या संगमाजवळ मुंबईला वीज देण्यासाठी टाटा पॉवर कंपनीचे धरणाचे काम चालू होते. त्या दिवशी मुळशी पेट्यातले हजारभर मावळे तिथे येऊन बसले आणि काम बंद पडले. 'जान किंवा जमीन' ही त्यांची घोषणा होती. पन्नासच्या आसपास गावे आणि दहा हजारांहून अधिक माणसे या धरणाच्या पाण्याखाली जाणार होती. असहकाराचे ते दिवस होते. गांधीजींनी त्याच महिन्यात 'यंग इंडिया'मध्ये मुळशीवर लिहिले आणि टाटांनी कायद्याच्या हक्कावर बोट न ठेवता लोकांशी बोलावे, असे सुचवले. पुढे काही महिने काम थांबवणे कंपनीला भाग पडले.

राजेंद्र व्होरा यांनी या लढ्याचा इतिहास लिहिला. त्याच्या इंग्रजी आवृत्तीच्या नावातच मुळशीला जगातली पहिली धरणविरोधी चळवळ म्हटले आहे. एवढ्या मोठ्या प्रमाणावर, संघटितपणे आणि सत्याग्रहाच्या मार्गाने झालेला लढा म्हणून मला तो मान योग्य वाटतो. पण गिरणीच्या चाकासाठी शेतकऱ्याची जमीन बुडवायची आणि त्याला कायद्याने गप्प बसवायचे, ही गोष्ट मुळशीपेक्षा दोनशे वर्षांनी जुनी आहे. ती अमेरिकेत, वसाहतकाळात सुरू झाली. मुळशीत नेमके काय घडले हे समजून घ्यायचे असेल, तर तिथपर्यंत मागे जावे लागते.

मॅसॅच्युसेट्स ही तेव्हा इंग्रजांची वसाहत होती. तिथल्या प्रतिनिधिसभेने १७१४ च्या सुमारास गिरण्यांविषयी एक कायदा केला. ओढ्यानाल्यावर बांध घालून पाणचक्की चालवणाऱ्याने वरच्या अंगाच्या शेजाऱ्याचे शेत बुडवले, तर शेजाऱ्याला तो बांध फोडता येणार नाही. त्याने नुकसानभरपाई घ्यावी, असा त्याचा आशय. त्या काळी पाणचक्की म्हणजे गावाचे दळण दळणारी चक्की. सगळ्या गावाचे पीठ तिथे होई, म्हणून एखाद्याचे कुरण थोडे भिजले तर त्याने सोसावे, हा विचार तेव्हा फारसा अन्यायाचा नव्हता. शंभर वर्षांत त्याच नद्यांवर कापडाच्या प्रचंड गिरण्या उभ्या राहिल्या. लॉवेल, लॉरेन्स, मँचेस्टर ही शहरे त्यांच्यावर वाढली. चक्की गेली, गिरणी आली, भागीदार बोस्टनचे आले, नफा बोस्टनला जाऊ लागला. कायदा मात्र पिठाच्या चक्कीचाच राहिला.

अमेरिकेच्या राज्यघटनेत १७९१ मध्ये पाचवी दुरुस्ती झाली. सार्वजनिक उपयोगासाठी खासगी मालमत्ता घ्यायची तर योग्य मोबदला दिलाच पाहिजे, हे तत्त्व तिने घातले. पण सार्वजनिक उपयोग म्हणजे काय? खासगी कापड गिरणीचा बांध त्यात बसतो का? न्यू हॅम्पशायरमधल्या अ‍ॅमॉस्केग कंपनीविरुद्ध हेड नावाच्या जमीनमालकाने हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. १८८५ मध्ये न्यायालयाने गिरणीचा कायदा वैध ठरवला.

त्यानंतर नऊ वर्षांनी, १८९४ मध्ये, इंग्रज सरकारने हिंदुस्थानसाठी भूसंपादनाचा कायदा केला. त्याचा सातवा भाग कंपन्यांसाठी जमीन संपादन करण्याविषयी होता. काम लोकांच्या उपयोगी पडेल अशी सरकारची खात्री झाली की सरकार जमीन ताब्यात घेणार आणि कंपनीला देणार. मुळशी गेली ती याच कायद्याने. अमेरिकेतला शेतकरी निदान न्यायालयात जाऊन सार्वजनिक उपयोगाचा अर्थ विचारू शकत होता. मुळशीतल्या मावळ्यासाठी तो अर्थ मुंबई सरकारने आधीच ठरवून टाकला होता.

लॉवेलच्या गिरण्यांना बारमाही पाणी हवे होते. म्हणून बोस्टनच्या भांडवलाने न्यू हॅम्पशायरमधल्या तळ्यांची तोंडे ताब्यात घेतली. तिथल्या लोकांची शेते कंपनीच्या सोयीने बुडू लागली आणि कोरडी पडू लागली. १८५९ मध्ये लेक व्हिलेज इथल्या बांधावर जमाव कुऱ्हाडी आणि पहारी घेऊन चालून गेला. बांध फुटला नाही. त्याच वर्षी दक्षिणेला, कॉन्कॉर्ड नदीच्या काठी, वेगळ्या प्रकारची लढाई चालू होती. बिलेरिका इथला बांध आधी एका कालव्याच्या कंपनीचा होता, पुढे लोकरीच्या गिरणीकडे आला. त्याच्या फुगवट्याने वरच्या बाजूची गवताची कुरणे दलदल होऊन गेली होती. गवत नाही तर जनावरे नाहीत, जनावरे नाहीत तर खत नाही, आणि खत नाही तर शेती नाही. कुरणवाल्या शेतकऱ्यांनी संघ केला आणि नदीवरच्या पुलांची मोजमापे घेण्यासाठी गावातला एक भूमापक कामाला लावला. त्याचे नाव हेन्री डेव्हिड थोरो.

मेक्सिकोवरचे युद्ध आणि गुलामगिरी यांना आपला पैसा लागू नये म्हणून कर नाकारून १८४६ मध्ये एक रात्र तुरुंगात काढणारा आणि १८४९ मध्ये सरकारचा अन्यायी हुकूम मोडण्याचे समर्थन करणारा निबंध लिहिणारा तोच हा थोरो. गांधीजींनी तो निबंध दक्षिण आफ्रिकेत, तिथला लढा सुरू झाल्यानंतर वाचला आणि १९०७ मध्ये 'इंडियन ओपिनियन'मधून त्याचा गोषवारा वाचकांना दिला. सत्याग्रहाची कल्पना गांधीजींना थोरोकडून मिळाली असे म्हणणे चुकीचे होईल. बळ मिळाले, एवढे खरे. पण थोरोने शेवटच्या वर्षांत गिरणीच्या बांधाने नाडलेल्या शेतकऱ्यांसाठी नदी मोजली होती, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. मुळशीच्या लोकांना कळले असते तर तो त्यांना जवळचा वाटला असता.

कॉन्कॉर्डच्या शेतकऱ्यांचे काय झाले? १८६० मध्ये राज्याच्या विधिमंडळाने बांध उतरवण्याचा कायदा केला. गिरणीवाल्यांनी जोर लावला आणि १८६२ मध्ये तो कायदा रद्द झाला. ते शेतकरी गोरे होते, जमिनीचे मालक होते, मतदार होते, विधिमंडळात त्यांचे प्रतिनिधी बसत होते. तरीही ते हरले. आता मुळशीच्या मावळ्याकडे या चारपैकी काय होते ते पाहू.

मुळशीचे खोरे भाताचे. आंबेमोहोर तांदूळ ही त्याची ख्याती. पाऊस उदंड. पण ज्याच्या पायाला चिखल लागत होता, त्याचे नाव बऱ्याच ठिकाणी सातबाऱ्यावर नव्हते. जमिनी हळूहळू पुण्यातल्या सावकारांकडे गेल्या होत्या आणि पूर्वीचे मालक आपल्याच वावरात कूळ म्हणून राबत होते. पुणे जिल्ह्यात हे दुखणे जुने. सुप्याच्या शेतकऱ्यांनी १८७५ मध्ये सावकारांची कर्जखते जाळली आणि ते लोण दख्खनभर पसरले. १८७९ मध्ये सरकारने शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा केला, तरी जमिनी हातातून निसटतच राहिल्या. कुळांना संरक्षण देणारा कायदा मुंबई प्रांतात आला तो थेट १९३९ मध्ये, आणि खऱ्या अर्थाने १९४८ मध्ये. १९२१ चे कूळ सावकाराच्या मर्जीवर होते. मताचे म्हणाल, तर १९१९ च्या सुधारणांनी खेड्यात मत दिले ते ठरावीक रकमेहून अधिक शेतसारा भरणाऱ्याला.

ठिणगीसुद्धा याच वर्गात पडली. जमिनीचा कायदेशीर ताबा मिळण्याआधीच कंपनीने पायाची चाचपणी करण्यासाठी शेतांत चर खणले. एका कुळाने हरकत घेतली, तेव्हा युरोपियन इंजिनिअरने त्याच्यावर पिस्तूल रोखले. गोष्ट पुण्यात पोहोचली आणि लढा उभा राहिला. विनायकराव भुस्कुटे, शंकरराव देव, शिवरामपंत परांजपे अशी माणसे त्यात उतरली. पांडुरंग महादेव बापट तर त्यात असे उतरले की सेनापती ही पदवी त्यांना याच लढ्याने दिली आणि ती जन्मभर राहिली.

मात्र संकट सगळ्यांवर असले तरी सगळ्यांचे नुकसान सारखे नव्हते. सावकाराला जमिनीच्या बदल्यात रोख मिळणार होती. जमीन त्याच्या दृष्टीने गुंतवणूक होती आणि गुंतवणुकीचा भाव मिळत असेल तर ती मोडायला त्याची ना नव्हती. कुळाला मात्र जमीन गेली की घर, भात, गुरे, देऊळ आणि भावकी सगळेच जाणार होते, आणि पैसा दुसऱ्याच्या हातात पडणार होता. मोबदला वाढवून घेण्याची भाषा सुरू झाली तेव्हा सत्याग्रहाचे दोन तुकडे झाले. बापट आणि कुळे धरणच नको म्हणत राहिली. जमीनमालक भावाला राजी झाले. या लढ्याच्या पराभवाचे कारण मला कंपनीच्या ताकदीइतकेच या फुटीत दिसते.

एवढी वीज मुंबईला कशाला हवी होती? मुख्यतः कापड गिरण्यांना. आणि मुंबईचे कापूसवैभव अमेरिकेच्या यादवी युद्धाशी बांधलेले आहे. १८६१ मध्ये दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली, लँकेशायरला अमेरिकन कापूस मिळेना आणि मुंबईच्या बाजारात सोने उतू लागले. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले, मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या. त्या तेजीमंदीतून मुंबईच्या व्यापाऱ्यांनी धडा घेतला तो स्वतःच सूत काढण्याचा आणि कापड विणण्याचा. पुढच्या दशकांत गिरण्यांची धुराडी वाढत गेली. कोळसा दूर बंगाल-बिहारमधून यायचा, महाग पडायचा. सह्याद्रीचा पाऊस मात्र शंभर मैलांच्या आत होता.

टाटांच्या योजनेतली अभियांत्रिकी खरोखर असामान्य आहे, हे मान्य केले पाहिजे. घाटमाथ्यावर पडलेले पाणी पूर्वेला वाहते: मुळशीहून मुळेत, पुण्यात मुठेला मिळून भीमेत, मग कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात. पण याच खोऱ्याच्या पश्चिमेला काही मैलांवर कडा तुटतो आणि खाली कोकण लागते. पूर्वेला वाहणारी नदी बांधाने अडवायची, पाणी बोगद्यातून पश्चिमेला वळवायचे आणि सुमारे पाचशे मीटर खाली सोडायचे. खोपोलीचे वीजघर १९१५ मध्ये, भिवपुरीचे १९२२ मध्ये आणि मुळशीच्या पाण्यावरचे भिरा १९२७ मध्ये सुरू झाले. भिऱ्यातून बाहेर पडणारे पाणी कुंडलिकेत जाते आणि अरबी समुद्राला मिळते. कोलाडला कुंडलिकेत होड्यांचा थरार अनुभवायला जाणारी तरुण मंडळी ज्या पाण्यावर स्वार होतात, ते मुळशीचे पाणी आहे.

अमेरिकेच्या दक्षिणेत यादवी युद्धाने गुलामगिरी संपवली. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केले, ते याच कामाबद्दल. फुल्यांची दाद मनापासून होती आणि योग्यही होती. पण मुक्त झालेल्यांना जमीन मिळाली नाही. १८६५ च्या जानेवारीत जनरल शर्मनने किनारपट्टीची जमीन त्यांच्यासाठी राखून ठेवण्याचा हुकूम काढला होता. राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सनने वर्ष सरायच्या आत ती जुन्या मालकांना परत दिली. मग जुन्याच मळ्यांवर अर्धलीने शेती सुरू झाली. बी-बियाणे मालकाचे, दुकान मालकाचे, हिशेबाची वही मालकाची. दख्खनच्या कुळाला हे चित्र ओळखायला क्षणही लागला नसता.

आणि अमेरिकेतल्या अशा कुळांच्या वाट्याला धरण आले तेव्हा काय झाले? फ्रँकलिन रूझवेल्टने १९३३ मध्ये टेनेसी खोरे प्राधिकरण स्थापन केले. स्वतंत्र भारताने दामोदर खोऱ्यासाठी जो नमुना समोर ठेवला तो हाच. त्याचे पहिले धरण नॉरिस १९३६ मध्ये पूर्ण झाले. सुमारे तीन हजार कुटुंबांना उठावे लागले. जमिनीचे पैसे जमिनीच्या मालकाला मिळाले. जो दुसऱ्याच्या जमिनीवर राबत होता त्याला मिळाले ते स्थलांतराचे सल्ले आणि किरकोळ मदत. लोकशाही देश, लोकांनी निवडलेले सरकार, गरिबांच्या भल्यासाठी काढलेली योजना. तरीही पैसे वाटताना विचार झाला तो मुळशीतल्यासारखाच, कागदावर नाव कोणाचे एवढाच.

मुळशीचा लढा १९२४ च्या अखेरीपर्यंत चालला. मावळे आणि स्वयंसेवक पुन्हापुन्हा तुरुंगात गेले, बायकाही मागे राहिल्या नाहीत. पण बांध वर येत होता. सत्याग्रहाने काम थांबत नाही असे पाहून बापटांनी ९ डिसेंबर १९२४ रोजी धरणाकडे जाणारी गाडी रुळांवर दगड रचून अडवली. हातात शस्त्रे होती. मग ते स्वतः पोलिसांच्या स्वाधीन झाले आणि सात वर्षांची शिक्षा भोगायला गेले. गांधीमार्गाच्या कसोटीवर हे कृत्य उतरत नाही, आणि बापटांनीही ते लपवले नाही. तीन वर्षे शांततेने बसलेल्या लोकांकडे कोणी पाहिले नाही, याची किंमत त्या दिवशी दिसली, असे मला वाटते.

भिरा सुरू झाल्यावर दोनच वर्षांनी, १९२९ मध्ये, टाटांच्या तिन्ही जलविद्युत कंपन्यांचा कारभार एका नव्या एजन्सीकडे गेला आणि त्या एजन्सीत अमेरिकन अँड फॉरिन पॉवर कंपनी निम्म्याची भागीदार झाली. अमेरिकेतल्या इलेक्ट्रिक बाँड अँड शेअर या बड्या वीजसमूहाची ही परदेशांत काम करणारी शाखा. मुळशीच्या भातखाचरांवर साठलेल्या पाण्याच्या कारभारात अशा रीतीने न्यू यॉर्कचे भांडवल आले. त्याच सुमारास खुद्द अमेरिकेत या समूहांविरुद्ध संताप खदखदत होता. एकावर एक कंपन्या रचून सामान्य ग्राहकाला आणि भागधारकाला लुटल्याचे आरोप होते. १९३५ मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदा करून त्यांच्या वेसणी आवळल्या. इलेक्ट्रिक बाँड अँड शेअरने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आणि १९३८ मध्ये ती हरली. मतदाराच्या हाती सत्ता असली की वीजकंपनीला जाब विचारता येतो, हे अमेरिकेने दाखवून दिले. मुळशीला तो मार्गच नव्हता.

पण अमेरिकेतही तो सगळ्यांना नव्हता. ज्या १९२४ मध्ये मुळशी हरली, त्याच वर्षी तिथल्या मूळ रहिवाशांना सरसकट नागरिकत्व मिळाले. पेनसिल्व्हेनिया आणि न्यू यॉर्कच्या सीमेवर राहणाऱ्या सेनेका लोकांना नागरिकत्वापेक्षा आपल्या कराराचा भरवसा अधिक होता. हा करार ११ नोव्हेंबर १७९४ रोजी कॅनंडैग्वा इथे झाला होता. जॉर्ज वॉशिंग्टन तेव्हा राष्ट्राध्यक्ष होते. सेनेकांची जमीन संयुक्त संस्थाने कधी मागणार नाहीत, त्यांना त्रास देणार नाहीत, असे वचन त्यात होते. कागद होता, मालकी होती, राष्ट्राध्यक्षाच्या सरकारचा शब्द होता. तरीही १९६० मध्ये खालच्या शहरांना पुरापासून वाचवण्यासाठी अ‍ॅलेगेनी नदीवर किंझुआ धरणाचे काम सुरू झाले. १९६१ मध्ये सेनेकांनी राष्ट्राध्यक्ष केनेडींना साकडे घातले. त्यांनी काम थांबवायला नकार दिला. दहा हजारांच्या आसपास एकर जमीन आणि सुमारे सहाशे लोकांची वस्ती गेली. पूर्वजांची थडगी उकरून हलवावी लागली. भरपाईचा कायदा आला तो १९६४ मध्ये, घरे उठवली जात असताना.

सेनेकांच्या बाजूने एक इंजिनिअर उभा राहिला. पाणी दुसऱ्या मार्गाने वळवले तर ही जमीन वाचेल, असा पर्यायी आराखडा त्याने मांडला. तो आर्थर मॉर्गन. टेनेसी खोरे प्राधिकरणाचा पहिला अध्यक्ष, नॉरिस धरण ज्याच्या देखरेखीखाली झाले तोच. स्वातंत्र्यानंतर डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली १९४८ मध्ये नेमलेल्या विद्यापीठ शिक्षण आयोगाचा तो सदस्य होता. ग्रामीण विद्यापीठांची कल्पना त्याने तिथे आग्रहाने मांडली. आयुष्यभर धरणे बांधलेला माणूस ऐंशीच्या घरात पोहोचल्यावर एका धरणाविरुद्ध लढला. त्याचा आराखडा सरकारी अभियंत्यांनी फेटाळला, पण तांत्रिक पर्याय नाही हा दावा किती वेळा सोयीचा असतो, हे त्याने जगाला दाखवले.

महाराष्ट्राने १९७६ मध्ये प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला. १८९४ चा भूसंपादन कायदा मात्र स्वातंत्र्यानंतरही साठहून अधिक वर्षे चालू राहिला. त्याच्या जागी आलेला २०१३ चा कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. त्याने मुळशीची एक मोठी चूक दुरुस्त केली. जमीन नावावर नसलेले कूळ, बटाईदार, शेतमजूर आणि कारागीर यांना त्याने बाधित कुटुंब मानले. संपादनाआधी तीन वर्षे त्या जागेवर त्यांची उपजीविका असली पाहिजे, एवढी अट घातली. पुनर्वसनाचा हक्क त्यांना मिळाला. १९२१ च्या मावळ्याला हा कायदा असता तर सावकार आणि कूळ अशी फूट पाडणे कंपनीला इतके सोपे गेले नसते.

पण त्याच कायद्यात खासगी कंपनीसाठी जमीन घेताना ऐंशी टक्के बाधित कुटुंबांची पूर्वसंमती लागते, आणि ही संमती मोजताना जमीनमालक आणि सरकारने जमीन दिलेली कुटुंबे एवढीच धरली जातात. कूळ, बटाईदार आणि मजूर पुनर्वसनाच्या यादीत आहेत, संमतीच्या यादीत नाहीत. पुणे जिल्ह्यात आज जमिनीला सोन्याचा भाव आहे आणि दर वर्षी कुठल्या ना कुठल्या प्रकल्पासाठी ती मागितली जाते. ग्रामसभेत असा विषय आला तर वाचकांनी मोबदल्याचा दर विचारण्याआधी संमतीची यादी मागून घ्यावी, आणि तिथे राबणाऱ्या माणसांची नावे तिच्यात यावीत यासाठी कायदा बदलण्याचा ठराव मांडावा.